ई-क्लासवर सोलर अन् गावाला १५ लाख: ग्रामसभेत हो म्हणावं की नाही?

दारव्हेकर_भाऊ (धागा सुरू केला)

नमस्कार मंडळी. गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. नाव लिहीत नाही, कारण आमच्या गावचे चार जण इथं रोज वाचतात अन् मग पारावर माझीच उजळणी घेतात. वस्ती २,१०० च्या आसपास. मी उपसरपंच आहे, ही दुसरी टर्म.

विषय असा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधून आमच्या सबस्टेशनवर ३ मेगावॅटचा सौर प्रकल्प यायचा आहे. जागा मागून राहिले गावच्या ई-क्लासची, म्हणजे चराईच्या सरकारी जमिनीची, साधारण १५ एकर. बदल्यात ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, ३ वर्षं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय येतो. सरपंच म्हणतात ठराव करून मोकळे होऊ. शेळ्यावाले म्हणतात पाय ठेवून दाखवा. मी मधात.

दुसरं दुखणं पंचायतीच्या स्वतःच्या बिलाचं. नळयोजनेची ७.५ एचपीची मोटर रोज सहा तास चालते, तिचेच महिन्याला हजार युनिट होतात. ११० पथदिवे, २० वॅटचे, त्यांचे साडेसातशे. २०२१ मध्ये थकबाकीपायी आमच्या पथदिव्यांची लाईन कापली होती. मग पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून बिल भरा असं आलं, भरलं. त्या वर्षी नाल्या झाल्या नाहीत.

तिसरं म्हणजे सोलर शब्दाचीच आमच्याकडे नाचक्की झालेली आहे. सहा वर्षांपूर्वी कुठल्यातरी निधीतून १२ सौरदिवे बसले. आज दोन पेटतात. चारांच्या बॅटऱ्या चोरीला गेल्या, बाकीच्या मेल्या. मारुतीच्या पारापाशी जो खांब आहे त्याच्या बॅटरीच्या डब्यात चिमणीनं घर केलं. सभेत सोलरचं नाव काढलं की लोक त्या खांबाकडे बोट करतात.

अनुभव असेल त्यानं लिहा. योजनेचं माहितीपत्रक माझ्याजवळ आहे, ते नका टाकू.

खांबावरचा

भाऊ, आधी दिवसाच्या लाईनीचं बोला. ३१ वर्षं लाईनमन होतो म्या. शेतीची थ्री फेज एक हप्ता दिवसा आठ तास, एक हप्ता रात्री. रात्रीचा हप्ता आला की हरभऱ्याले ओलीत कराले माणूस रातच्या दोन वाजता वावरात. थंडी, इंचू, डुक्कर, काही काही गावात तर वाघ. माह्या साळ्याले दांडात परड (घोणस साप) चावला, पाय वाचला पण दोन बोटं गेली. रात्रीची लाईन ज्यानं टेबलावर ठरवली त्यानं एक रात्र ओलीत करून पाहावं.

लोकायले वाटते वाहिनी योजना म्हणजे वावरावावरात पॅनल. तसं नाही. सबस्टेशनजवळ एकाच जागी पॅनल, तिथून ११ केव्हीवर, जुन्याच खांबावरून, जुन्याच मोटरीले. मोटर बदला नाही लागत. ऊन आहे तवा लाईन. जागा सबस्टेशनपासून लांब गेली की तार टाकाचा खर्च वाढते अन् लाईनीत वीज बी जिरते. म्हणून तुमच्या ई-क्लासवर डोळा आहे, त्यात काही काळंबेरं नाही.

अन् हे आपल्या जिल्ह्याले नवीन नाही. २०१७ मध्ये ही योजना पहिल्यांदा निघाली तवा राज्यात दोन गावं पथदर्शी धरली होती. एक राळेगणसिद्धी, दुसरं आपलं कोळंबी. गाडी काढा, जाऊन पाहून या. मोबाईलवर वाचू नका.

हिशेबी_बुवा

दारव्हेकर, १५ लाख ऐकून सरपंचांचे डोळे दिपले असतील, म्हणून एक साधा गुणाकार मांडतो.

याच योजनेत खाजगी कास्तकारानं जमीन दिली तर त्याला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं आहे, त्यावर दरवर्षी ३ टक्के वाढ. १५ एकर म्हणजे ६ हेक्टर. पहिल्याच वर्षी साडेसात लाख. २५ वर्षं ३ टक्क्यांनी वाढवत न्या, बेरीज २ कोटी ७० लाखांच्या वर जाते. तीच जमीन सरकारी असली की भाडं नाममात्र, अन् पंचायतीच्या हातात ते १५ लाख, तेही तीन वर्षांत संपणारे.

म्हणजे जमीन गावाची असली की स्वस्त अन् माणसाची असली की महाग. देऊ नका असं म्हणत नाही. पण ५ लाखांचं अनुदान प्रकल्प गावात आला म्हणून मिळतं, ते जमिनीचं भाडं नव्हे. प्रकल्प खाजगी बरडावर (मुरमाड पडीक जागेवर) झाला तरी तो तुमच्याच हद्दीत राहील.

दारव्हेकर_भाऊ

बुवा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही १५ लाख हेच भाडं धरून बसलो होतो.

पुण्यातला_वऱ्हाडी

माझं मूळ गाव नेरकडे. एवढा विचार कशाला करता? साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. घरोघरी छतावर पॅनल, वीजबिल शून्य. पीएम सूर्यघरमध्ये १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे. इच्छाशक्ती पाहिजे फक्त.

खांबावरचा

इच्छाशक्ती कवेलूवर बसते का भाऊ?

दारव्हेकर_भाऊ

😀 पुणेकर, रागावू नका, पण खांबावरच्या काकांनी नेमकं बोट ठेवलं. मान्याचीवाडी जेमतेम शंभर घरांची, अन् तिथं स्वच्छतेपासून सगळ्या कामात गाव वर्षानुवर्षं एकत्र चालत आलं आहे. आमच्याकडे दिवाळीनंतर मी अन् ग्रामपंचायत अधिकारी (जुने ग्रामसेवक) वॉर्ड क्र. २ मध्ये घरोघर फिरलो. १३४ घरं. काय दिसलं ते सांगतो.

५२ घरं कवेलूची (कौलाची) किंवा टीनाची. तिथं पॅनल ठेवायला ढाचा वेगळा उभा करावा लागेल, त्याची सबसिडी नाही. २९ घरी मीटर आजोबाच्या नावावर, आजोबा वारून वीस वर्षं झाली. अर्ज मीटर ज्याच्या नावावर त्यालाच करता येतो, म्हणजे आधी नाव बदला, त्यासाठी वारसाचे कागद, त्यासाठी भावाभावांची सही, अन् भाऊ तर बोलत नाहीत. १७ घरं ई-क्लासवरच्या अतिक्रमणात, त्यांचा नमुना ८ चा, म्हणजे पंचायतीतल्या घराच्या नोंदीचा प्रश्न. उरलेल्यांत ज्यांचं बिल महिन्याला अडीचशे रुपये येतं ते म्हणतात, मला कशाला पायजे?

सगळं चाळून उरली २१ घरं.

आता यातली गंमत अशी की या कामातलं इंजिनिअरचं काम शेवटच्या दिवशी चार तासांचं. त्याआधीचं सगळं पंचायतीच्या टेबलावरचं आहे. मृत्यूचा दाखला, नमुना ८, वारस, घरटॅक्सची थकबाकी. मोठी कंपनी आली तरी आमच्या गावात आजोबाचं नाव काढून नातवाचं लावून देणार नाही.

झाडीपट्टीची_ताई

दारव्हेकर दादा, मी चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडची. सरपंच होते, आता नाही. दोन गोष्टी लिहिते.

पहिली, जमिनीची. आमच्याकडे ई-क्लास हा शब्द नाही, आमच्याकडे झुडपी जंगल. नागपूर विभागातल्या सहाही जिल्ह्यांत ते आहे. महसूलच्या कागदावर रिकामी जागा दिसते म्हणून आमच्या शेजारच्या गावानं सोलरला ठराव दिला होता. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल हे वनच असं सांगितलं, ठराव तसाच फाईलमध्ये. तुमच्याकडे झुडपी नसेल, पण सातबाऱ्यावर इतर हक्कात काय लिहिलं आहे ते सभेच्या आधी वाचा. सभेत तलाठ्याला विचारलं तर तो पाहून सांगतो म्हणतो, अन् सभा होऊन जाते.

दुसरी, दिवे मेल्याची. आमच्या टोलीवर ३८ घरं, तिथं दुहेरी पंप योजना झाली. एकाच बोअरवर हातपंपही अन् सौर मोटरही, वर ५,००० लिटरची टाकी. पहिलं वर्ष सोन्यासारखं गेलं. मग कंट्रोलर जळला. ज्यांनी बसवला त्यांचा फोन लागेना. चार महिने बाया पुन्हा हातपंपावर. पावसाळ्यात एक बाई घसरून पडली, तिनं सभेत मला विचारलं, बाई, हे पॅनल वाळवण घालायला ठेवलं का?

मग आम्ही घरटी महिना ३० रुपये काढायचं ठरवलं. ग्रामनिधीत टाकायचे नाहीत, वेगळं खातं, बचतगटाच्या दोघींच्या सहीनं. वर्षाला तेरा हजारांच्या वर जमतात. टोलीतल्याच एका मुलीनं आयटीआय केलं होतं इलेक्ट्रिशियनचं, घरीच बसली होती. तिला मल्टिमीटर घेऊन दिला. पुढच्या वेळी फ्यूज गेला तेव्हा सकाळी गेला, दुपारी पाणी चालू.

त्या मल्टिमीटरची पावती अजून माझ्याकडे आहे. ऑडिटवाल्यानं आक्षेप काढला होता, योजनेत तरतूद नाही म्हणून.

खारपाणपट्टा

ताईंचं वाचून राहवलं नाही. मी अकोल्याकडचा, पूर्णेच्या खोऱ्यातला. आमचं पाणी खारं. शाळेच्या छतावर ५ किलोवॅट बसलं, पोट्टे दर शनिवारी बोअरच्या पाण्यानं पॅनल धुवायचे, गुरुजी फोटो टाकायचे. सहा महिन्यांत काचेवर पांढरा थर. धुतल्यानं वीज कमी होऊन राहिली हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. शेवटी पावसाचं पाणी साठवून फडक्यानं पुसायला लागलो. अन् धुवायचं ते पहाटे. भर दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी मारलं तर काच तडकू शकते.

उन्हाबद्दलही एक गैरसमज आहे. आपल्याकडे ४५-४६ डिग्री, म्हणजे मे महिन्यात वीज धो धो, असं नाही. पॅनलला उजेड पाहिजे, आच नको. २५ डिग्रीच्या वर दर डिग्रीला साधारण पाव ते अर्धा टक्का उत्पादन घटतं, अन् मे मध्ये काच साठ-पासष्टला सहज जाते. दुपारी दहा-पंधरा टक्के असेच जातात. फेब्रुवारी-मार्चचं स्वच्छ ऊन चांगलं, पण तेव्हा गारपिटीची भीती. विम्याचं विचारून घ्या.

गोधन

तुम्ही सगळे युनिट अन् लाख मोजून राहिले. माझ्याकडे ६२ शेळ्या आहेत. दारव्हेकर भाऊंच्या गावचा नाही, पण आमच्या गावीही हेच चाललं आहे.

ई-क्लास म्हणजे पडीक नाही. जुलै ते डिसेंबर माझ्या शेळ्या तिथंच. वावरात गेलं तर कास्तकार काठी घेऊन, जंगलात गेलं तर फॉरेस्टचा गार्ड. तारेचं कुंपण झालं की आम्ही कुठं जावं? १५ लाखांतून सभामंडप होईल. शेळी सभामंडप खात नाही.

हिशेबी_बुवा

गोधन यांचा मुद्दा हिशेबात बसत नाही म्हणून तो लहान होत नाही. ज्यांच्याकडे जमीन आहे, मोटर आहे, त्यांना दिवसाची लाईन मिळणार. ज्यांच्याकडे दोन्ही नाही, त्यांची चराई जाणार. कृषिपंपाचं बिल तर २०२४ पासून ७.५ एचपीपर्यंत माफच आहे. म्हणजे फायदा एकाच्या पारड्यात अन् जागा दुसऱ्याच्या.

खांबावरचे काका रात्रीच्या ओलिताचं म्हणाले ते खरंच, मीही जागलीला गेलेला माणूस आहे. पण दोन्ही खरं असताना कोणाचं खरं धरायचं हे ग्रामसभेशिवाय कोणी ठरवू नये. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) गाव आठवा. तिथं एकमत होईपर्यंत निर्णय होत नाही. आपल्याकडे रजिस्टरवर सह्या घरोघर फिरून घेतात अन् सभा झाली असं लिहितात.

पुण्यातला_वऱ्हाडी

कवेलूचं मान्य, काका. 🙏 मी जरा वाचलं. दोन गोष्टी कामाच्या वाटल्या.

पीएम सूर्यघरमध्ये हद्दीत बसलेल्या दर घरामागे स्थानिक संस्थेला, म्हणजे ग्रामपंचायतीलाही, १,००० रुपये प्रोत्साहन आहे. फार कमी पंचायती मागतात. अन् ज्या छोट्या ग्राहकांचं तुम्ही म्हणता, अडीचशे रुपये बिलवाले, त्यांच्यासाठी राज्यानं 'स्मार्ट' नावाची योजना काढली आहे. १ किलोवॅटचा संच. दारिद्र्यरेषेखालच्या घराला २,५०० रुपये भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या घराला ५,०००, महिना १०० युनिटच्या आत असलेल्या बाकीच्यांना १०,०००. १ किलोवॅट महिन्याला साधारण १२० युनिट देतो.

दारव्हेकर_भाऊ

पुणेकर, हे कामाचं. २,५०० म्हटलं तर आमच्या मोहल्ल्यात कान टवकारतील. फक्त ते २,५०० बियाण्याच्या महिन्यात मागू नये.

झाडीपट्टीची_ताई

दादा, पंचायतीचं बिल विसरू नका. पथदिव्यांवर सोलर घालायच्या आधी पाण्याची मोटर घ्या. दिवे रात्री लागतात, त्यांना बॅटरी लागते किंवा नेट मीटर (दिवसाची सोलर वीज लाईनीत देऊन बिलातून वळती करणारं). मोटर दिवसा चालते अन् पाणी टाकीत बसतं. तुमची टाकी हीच तुमची बॅटरी, अन् ती कोणी चोरून नेत नाही. त्या हजार युनिटाला आठ-नऊ किलोवॅट पॅनल पुरतील. अंगणवाडी, शाळा, पंचायतीचं छत तपासा, स्लॅब गळका नसला म्हणजे झालं.

दारव्हेकर_भाऊ (तीन आठवड्यांनी)

उशिरा लिहितो, माफ करा. चण्याची सोंगणी सुरू आहे.

२६ तारखेला झेंडावंदन झालं, सभेला ६१ माणसं. कोरमला १०० पाहिजे. सरपंच म्हणाले रजिस्टर फिरवू. मी नाही म्हटलं, आवाज चढला, सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही, म्हणजे तिथं वीस जणांत ठराव झाला असता. पण मधल्या काळात शेळ्यावाल्यांनी गाव पिंजलं, अन् त्या सभेला एकशे नव्वदच्या वर लोक. बाया ओट्यावर, पोट्टे शाळेच्या भिंतीवर. मी उपसरपंच झाल्यापासून एवढी सभा पाहिली नाही.

त्याआधी कोळंबीला जाऊन आलो, सोबत दोन शेळ्यावाले, दोन कास्तकार. येताना गाडीत कोणी बोललं नाही, पण दारव्हा आल्यावर एक जण म्हणाला, कुंपण पाच फूट आत घेतलं असतं तर पांदण राहिली असती. बस, सभेत त्यावरच गाडी आली.

ठराव असा. १५ एकर देणार नाही. ई-क्लासची खालची बाजू, जिथं पाणवठा अन् गवत आहे, तिला हात लावायचा नाही. वरचं बरड, ७ एकर, मुरूम अन् तरोट्याशिवाय काही नाही, ते द्यायला तयार. बाकी ८ एकर रस्त्याच्या कडेच्या दोन कास्तकारांचं बरड, त्यांनी भाड्यानं द्यायची तयारी लिहून दिली. हिशेबी बुवांचा गुणाकार मी फळ्यावर मांडला होता, त्याचा हा परिणाम. पांदण १२ फूट मोकळी. कुंपणाच्या आतलं गवत कापून न्यायचा हक्क शेळ्यावाल्यांच्या गटाला.

दोन तुकड्यांत प्रकल्प बसतो का, हे साहेबांना विचारलं. म्हणाले वर विचारून सांगतो. अजून विचारूनच राहिले.

अनुदान आलंच तर पहिल्या वर्षाचं पाण्याच्या मोटरीला. त्यातून ४० हजार वेगळ्या खात्यात, ताईंसारखं, बचतगटाच्या सहीनं. यावर सरपंच कुरकुरले, पण बायाच दीडशे होत्या.

वॉर्ड क्र. २ मध्ये २१ पैकी ९ जणांचे अर्ज भरले. नाव बदलायची २९ पैकी ११ प्रकरणं तालुक्याला पोचली. एका घरी दोन भाऊ सहीसाठी बारा वर्षांनी एका बाजेवर बसले. चहा झाला, सही नाही झाली. पुढच्या सोमवारी पुन्हा जातो.

मेलेले दहा दिवे उतरवून घेतोय. पॅनल चांगले निघाले तर अंगणवाडीच्या पंख्याला जोडू. आता एकच विचारतो, पॅनल पुसायला अन् खांबावरून काढायला शिडी घ्यायची आहे. दारव्ह्यात लोखंडाची घडीची मिळते, ती घेऊ का?

खांबावरचा

लोखंडाची नोका घेऊ. त्या पाराच्या खांबावरून सर्व्हिस वायर जाते, म्या पाहिली आहे. बांबूची घेजा. अन् चढाच्या आधी वायरमनले फोन करून लाईन बंद कराले लावजा, तो म्हणते बंद आहे तरी टेस्टर लावून पाहजा.